अपुरा खेळ आणि गुरुजींची तक्रार

काही महिन्यांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले आणि बसताच म्हणाले, ‘‘डॉक्टर, माझी बुद्धी चालेनाशी झाली आहे.’’ नातवाने दोन मित्रांसह संगणकावर रचलेला कोड्यांचा खेळ त्यांना जमत नव्हता. औषधांच्या वेळा, पेन्शनचा हिशेब, नेहमीचे रस्ते, सारे चोख होते. पुढच्या भेटीत नातवाला तो खेळ घेऊन यायला सांगितले. गडद निळ्यावर जांभळी अक्षरे, तीही मुंगीएवढी. आणि उत्तराला दहा सेकंद! चष्मा लावूनही मला ती वाचता येईनात.

मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना दोन-चार जणांनी रचलेले असे खेळ पुष्कळदा पुरे होण्याआधीच इंटरनेटवरून खेळाडूंच्या हाती दिले जातात. ‘माइनक्राफ्ट’ २००९ पासून लोक खेळत होते. तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले २०११ मध्ये. ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानाने तर २०१३ मध्ये अपुऱ्या खेळांसाठी ‘अर्ली ॲक्सेस’ हे वेगळे दालनच उघडले. खेळाडू उणिवा कळवतात, कर्ते पुढील आवृत्तीत त्या दुरुस्त करतात. मात्र विशीतल्या खेळाडूला न दिसणारी उणीव विशीतल्या कर्त्यालाही दिसत नाही. तेथे आपली गरज आहे.

वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते. निळ्या-जांभळ्या छटांतला फरक पुसट होतो आणि वाचायला अधिक उजेड लागतो. बोटांची त्वचा कोरडी पडली की स्पर्शाचा पडदा दाद देत नाही. कंप असल्यास लहान बटण हुकते. पडद्यावरील दृश्य गरगरा फिरले की डोळे सांगतात ‘आपण चाललो’, आतला कान सांगतो ‘बसलो आहोत’. मळमळ होते ती त्यामुळे. यातले काहीही बुद्धिमांद्य नव्हे. उलट, रोजचे व्यवहार चुकू लागले, ओळखीचा रस्ता सापडेना, तर खेळ जमो वा न जमो, तपासणी करून घ्या.

तक्रार मात्र नेमकी हवी. ‘खेळ कठीण आहे’ एवढ्याने कर्त्याला काही उमगत नाही. ‘दुसऱ्या पानावरचे लाल बटण तीनदा दाबले, चौथ्यांदा लागले’ हे उमगते. (रुग्णांनीही दुखणे असेच सांगावे, ही माझी जुनी विनंती.) टंकलेखन जमत नसेल, तर सुनेने वा नातवाने शेजारी बसून लिहून घ्यावे, आपण मधे उत्तर सांगू नये.

काळजी दोन बाबतींत घ्या. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी लखलखाट असलेला खेळ टाळावा, विशेषतः प्रकाश सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा उघडझाप करत असेल तर. आणि अनोळखी दुव्यावरून काही उतरवून घेऊ नये. कोणी ओटीपी मागितला तर संगणक सरळ बंद करावा. अपुऱ्या खेळात जपून ठेवलेली प्रगती नव्या आवृत्तीबरोबर नाहीशी होऊ शकते, तेवढी तयारी असू द्या. असे खेळ स्मृतीचे औषध आहेत, असे मी म्हणणार नाही.

नातवाने अक्षरे मोठी व पांढरी केली, घड्याळ बंद करण्याची सोय दिली. गुरुजी परवा आले ते रक्तदाब मोजायला. आता तिसऱ्या कोड्याचे छापलेले उत्तरच चुकीचे आहे, असे त्यांनी नातवाला लेखी कळवले आहे.