‘खाजवू नकोस’ म्हणणं सोपं

एक्झिमा झालेल्या माणसाला घरातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, ‘खाजवू नकोस.’ सल्ला बरोबर आणि बहुतेक वेळा निरुपयोगी. नखांनी होणारी किंचित वेदना खाजेचा संदेश मज्जारज्जूतच दाबते, म्हणून क्षणभर बरं वाटतं. पण त्याच नखांनी त्वचा सोलवटते, दाह वाढतो आणि खाज परत येते.

मुळात ही त्वचाच गळकी. फिलॅग्रिन हे प्रथिन तिचा बाहेरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा एक्झिमाशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. हा थर सैल पडला की ओलावा निघून जातो, साबण-धूळ आत शिरते, प्रतिकारशक्तीच्या पेशी खवळतात. त्यांनी सोडलेली आयएल-४, आयएल-१३, आयएल-३१ ही रसायनं थेट मज्जातंतूंना चेतवतात. हिस्टामिनचा वाटा इथे थोडाच, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या गोळीने फार तर झोप लागते.

उपाय कंटाळवाणा आहे. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग टिपून लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर, तेही सढळ हाताने. दिवाळीचं उटणं अशा अंगावर घासू नये, परंपरेचा मान राखूनही! खाज अनावर झाली तर थंड ओली पट्टी. भडका उडाल्यास डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम ठरल्या दिवसांपुरतं लावावं. धास्तीने अर्धवट सोडू नये.

दुकानातून मनाने आणलेली स्टेरॉइड-मिश्रित ट्यूब मात्र नकोच. गोल, उठावदार कडेचा चट्टा नायट्याचा असू शकतो, आणि स्टेरॉइडने नायटा वरून दबतो पण पसरत जातो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, मगच ट्यूब घ्या.