मनोऱ्यावरून दवंडी

वातानुकूलनावाचून, खेड्यातील धूळ आणि उष्मा सोसत चालणारे स्वयंचलित दूरध्वनि-केंद्र ज्या सरकारी संशोधन संस्थेने निर्माण केले, त्या 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉटनेच आज देशाच्या संकटसूचनेची यंत्रणा रचली आहे, हे मला अत्यंत सुसंगत वाटते. कारण दोन्ही कार्यांमागील चिंता एकच, ती दूरच्या वस्तीची.

हवामान खाते किंवा केंद्रीय जल आयोग यांजकडून इशारा आला, म्हणजे राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातील अधिकारी त्याचा मजकूर तपासतो, नकाशावर बाधित मुलखाभोवती रेषा आखतो आणि मंजुरी देतो. पुढे मोबाइल मनोऱ्यांवरून निघणारी सूचना दवंडी पिटणाऱ्यासारखी कोणाचे नावगाव वा क्रमांक विचारीत नाही. टप्प्यातील परप्रांतीय वाटसरूचा फोनही त्याच क्षणी वाजतो, आणि संभाषणांच्या गर्दीने जाळे तुंबले तरी तिचा खोळंबा होत नाही.

मजकुराचे गणित मात्र कठोर आहे. सूचनेच्या एका पानाला 82 बाइट, आणि पाने फार तर 15. रोमन लिपीची 93 चिन्हे मावतात त्या पानात देवनागरीची जेमतेम 40, कारण रोमन चिन्हाला 7 बिट पुरतात, तर देवनागरीच्या चिन्हाला 16 लागतात. शिवाय काना, मात्रा, हलन्त यांची मोजदाद स्वतंत्र होते. ‘नदीकाठची घरे तत्काळ सोडा’ ही कानाला 12 अक्षरे. यंत्राच्या हिशेबी, मोकळ्या जागा धरून, 24 चिन्हे. म्हणून सरकारी पत्रव्यवहारातील ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ येथे चालत नाही. आधी आज्ञा, मग कारण, हाच क्रम मला योग्य वाटतो.

20 जुलै 2023 च्या सकाळी या यंत्रणेची चाचणी-सूचना पुण्यात माझ्या फोनवर खणखणली, तेव्हा आदल्या रात्री दरडीखाली गाडल्या गेलेल्या रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीत शोधकार्य चालू होते. ती आठवण मनातून जात नाही. परंतु यंत्रणा सज्ज असली तरी, कोणता उतार केव्हा सुटेल हे आधी कोणीतरी ओळखल्याखेरीज मनोऱ्याला सांगण्याजोगे काहीच नसते. आणि अज्ञानापोटी अवघ्या जिल्ह्याभोवती रेषा ओढली, तर चार वेळा व्यर्थ दचकलेला माणूस पाचव्या वेळी जागचा हलत नाही. ती रेषा आखणाऱ्याशेजारी त्या-त्या डोंगराखालचा तलाठी आणि भूगर्भाचा जाणकार बसलेले असावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.