अकरा महिन्यांचा हुकूम आणि दहा वर्षांचें संशोधन

माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याचें पाणी जेथें जेथें पोहोंचलें, तेथें तेथें उसाचे मळे उभे राहिले. 'को ८६०३२' हें नांव तेथील शेतकऱ्यांच्या घरांत सर्वांच्या तोंडीं असतें. ही जात मूळ कोइमतूरची. परंतु महाराष्ट्रासाठीं तिची पारख पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्रांत झाली. नांवांतील ८६ हा आंकडा १९८६ सालाचा. आणि आपल्याकडे तिची शिफारस होईपर्यंत आणखी सुमारें दहा वर्षें लोटलीं. लागणीचें पीक पाहावें, खोडवा पाहावा, रोग व पाणटंचाई सोसते कीं नाहीं हें पारखावें, साखरेचा उतारा मोजावा. ह्या कामांत घाई चालत नाहीं.

असें दीर्घ दमाचें काम करणाऱ्या सरकारी खर्चाच्या संस्थांत माणसांची नेमणूक मात्र पुष्कळदां अकरा महिन्यांची, किंवा प्रकल्प असेतोंवरच असते. ही विसंगति आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाची आहे. प्रकल्पास पैसा मिळतो, पद मंजूर होत नाहीं. प्रकल्प संपला कीं नोकरी संपली. दुसरा निघाला कीं नवा हुकूम. डॉक्टरेट मिळविलेल्या मुलाचें वा मुलीचें एकेक वर्ष असें उलटतें. सोयरिकीच्या बैठकींत 'नोकरी कायम आहे ना?' ह्या प्रश्नावर घरांतील वडीलधारी माणसें गप्प होतात. अखेर वयोमर्यादा ओलांडली जाते आणि गाऱ्हाणें न्यायासनापुढें जातें.

तेथें काय होतें? १० एप्रिल २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं 'उमादेवी' खटल्यांत ठरविलें कीं, केवळ दीर्घकाळ तात्पुरती चाकरी केल्यानें कायमपणाचा हक्क उत्पन्न होत नाहीं. जाहिरात व स्पर्धा टाळून कोणासहि कायम केलें, तर जे बाहेर उभे आहेत त्यांच्या समान संधीवर घाला पडतो. ह्या युक्तिवादांत न्याय नाहीं असें कोण म्हणेल? मंजूर पदावर, पात्रता असून, न्यायालयीन हुकुमाच्या आधारावांचून दहा वर्षें काम केलेल्यांसाठीं एकवार सवलत तेवढी ठेवली. त्यापूर्वीं २००१ सालीं, पाडेगांवचें केंद्र ज्याच्या कक्षेंत येतें त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या रोजंदार मजुरांच्या दाव्यांतहि हाच अडसर निघाला होता. शासनानें पदच निर्माण केलें नसेल, तर विद्यापीठ माणसास कायम करणार कोठें?

तथापि कायद्याची दुसरीहि बाजू आहे. २०१६ सालीं 'जगजितसिंग' खटल्यांत, कायम नोकराचेंच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरास त्या वेतनश्रेणीचें किमान वेतन मिळालें पाहिजे, असें ठरलें. डिसेंबर २०२४ मध्यें 'जग्गो' खटल्यांत केंद्रीय जल आयोगाच्या झाडलोट व बागकाम करणाऱ्या जुन्या सेवकांना कायम करतांना न्यायालयानें बजावलें कीं, नित्याच्या कामावर वर्षानुवर्षें माणसें राबवून 'उमादेवी'ची ढाल पुढें करणें योग्य नव्हे.

परंतु खटला हा उपाय नव्हे. तो रोग बळावल्याची खूण होय. १९७२ सालीं दिल्लींत एका कृषिशास्त्रज्ञानें नोकरींतील निराशेपायीं प्राण दिला, तेव्हां साताऱ्यास जन्मलेले माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. पुढें १९७३ सालीं कृषिशास्त्रज्ञांची निवड करणारें स्वतंत्र मंडळ निघालें आणि १९७५ पासून कृषि संशोधन सेवा सुरू झाली. उघड निवड आणि स्थिर सेवा ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात, हें त्यावरून दिसतें. ती सुधारणा एका जीवाचें मोल न देतां झाली असती तर किती बरें झालें असतें!

घरच्या मंडळींनीं इतकें करावें. हुकुमांत 'मंजूर पद' लिहिलें आहे कीं 'प्रकल्पापुरतें', हें पहिल्या दिवशींच वाचावें. प्रत्येक हुकूम, जाहिरात व मुलाखतीचें पत्र जपून ठेवावें. आणि वयोमर्यादेची तारीख दृष्टीआड होऊं देऊं नये. शासनाकडे आमचें मागणें एवढेंच कीं, जें काम दहा वर्षांचें, त्यासाठीं पदहि तितक्या मुदतीचें मंजूर करावें आणि निवड उघड स्पर्धेनें करावी. वर्षभरांत ऊंस तोडणीस येतो. उसाची जात तयार होत नाहीं.