आधी पाणी, मग प्रकाश: लिक्विड-कूल्ड डिस्प्ले सुरू करताना

रिसर्चला आलात की कधी ना कधी असं यंत्र तुमच्या वाट्याला येतं, ज्याला ना मॅन्युअल असतं ना वॉरंटी. पाण्यावर थंड होणारा प्रोटोटाइप डिस्प्ले त्यातलाच.

मुळात डिस्प्लेला पाणी कशाला? २००४ च्या सिग्राफ परिषदेत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलसीडीच्या मागे ७६० एलईडी लावलेला एचडीआर डिस्प्ले मांडला. त्याची कमाल प्रकाशमानता होती ८,५०० निट्स. आपला टेबलावरचा मॉनिटर साधारण ३०० निट्सचा. इतक्या प्रकाशासोबत उष्णताही तशीच येते. ती काढायला नुसता पंखा पुरला नाही, की पाणी फिरवावं लागतं.

आता एक छोटं गणित करून बघा. समजा १ किलोवॅट उष्णता काढायची आहे. मिनिटाला २ लिटर पाणी फिरत असेल तर ते जेमतेम ७ अंशांनी तापतं. पण पंप बंद पडला आणि कूलिंग प्लेटमध्ये १०० मिली पाणी अडकलं, तर तेच पाणी सेकंदाला २ अंशांहून जास्त वेगानं तापेल. प्लेटचा धातू थोडी उष्णता घेईल, तरी धावत जाऊन स्विच बंद करण्याइतका वेळ मिळेलच असं नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. एलईडीचा प्लग काढूनच पंप सुरू करा. दहा मिनिटं चालू द्या, हवेचे बुडबुडे निघून जातील. प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर तिथेच थांबा.

२. नळाचं पाणी नको, त्यानं क्षार साचतात. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक घाला.

३. चिलर फार थंड ठेवू नका. पावसाळ्यात मुंबईत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. तुम्ही चिलर २० वर लावलात, तर फ्रिजमधल्या बाटलीसारखा नळ्यांना घाम फुटेल आणि तो सर्किटवर टपकेल. दवबिंदूच्या दोन-तीन अंश वरच राहा.

४. कमी पॉवरवर एलईडी लावा आणि मुद्दाम पंप बंद करा. फ्लो सेन्सरनं एलईडीची वीज लगेच तोडली पाहिजे. नाही तोडली, तर त्या दिवशी प्रयोग नाही.

५. सुरुवात काळ्या किंवा करड्या चित्रानं करा. पूर्ण पांढऱ्या पडद्याकडे जवळून टक लावून बघू नका.

हे सगळं फक्त सुरक्षेसाठी नाही बरं का. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, रंगही सरकतो. बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान स्थिर होण्याआधी घेतलेलं रीडिंग पडद्याचं कमी आणि तापमानाचंच जास्त असतं. म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा.

बंद करताना क्रम उलटा: आधी एलईडी, मग पाच-दहा मिनिटांनी पंप. हा क्रम कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा. तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तेच मॅन्युअल.