डोळे मिचकावतोय, म्हणून गोळी बंद?

अतिचंचलपणाच्या, म्हणजे एडीएचडीच्या गोळीनं माझा लेक वर्गात टिकून बसायला लागला. दोन महिन्यांनी मात्र तो सारखे डोळे मिचकावू लागला, खांदा उडवू लागला. ‘गोळीच बाधली, बंद कर,’ सासूबाई म्हणाल्या. मलाही धडकी भरली. डॉक्टरांनी नीट समजावलं.

अशा आपोआप होणाऱ्या हालचालींना ‘टिक्स’ म्हणतात. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांवर हा ठपका जुनाच. एखाद्या मुलात त्या औषधानं वाढूही शकतात. पण २०१५ मध्ये २२ चाचण्यांतल्या २,३८५ मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. टिक्स सुरू झाल्या किंवा वाढल्या, अशी मुलं औषध घेणाऱ्यांत ५.७ टक्के, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत ६.५ टक्के निघाली! एडीएचडीच्या मुलांत टिक्स तशाही जास्त दिसतात आणि आपोआप कमी-जास्त होतात.

तेव्हा मैत्रिणींनो, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. टिक्स कधी, किती वेळा होतात, वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते ठरवतील. आणि मुलाला सारखं टोकू नका. तो मुद्दाम करत नाही. ताणानं टिक्स वाढतातच.