पट्टी तीच, उजेड नवा

जुन्या घरात पाऊल ठेवलं की माझी नजर आधी छताकडे जाते. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर अजून टिकून आहे का, होल्डर बेकेलाइटचा आहे का, ट्यूबच्या पट्टीत तांब्याचा चोक आहे की इलेक्ट्रॉनिक, हे पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आणि हे सगळं एकाच गल्लीत पाहायचं असेल तर इंदुरात परदेशीपुऱ्यासारखी जागा नाही. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या आसऱ्याने वाढलेली ही वस्ती. पुढचा ओटा, मग एकामागे एक खोल्या, दिवसाही दिवा लागणारं माजघर. एकाच घरात तीन पिढ्यांची वायरिंग सापडते.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंदुरात वीज आली १९०६ मध्ये, तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात. पिवळे बल्ब आले, मग चाळीस वॉटची जाड ट्यूब, मग छत्तीसची बारीक, मग सीएफएल. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॉटचा एलईडी बल्ब घरोघरी पोचला.

पण होल्डर, पट्टी आणि वायर तीच राहिली, आणि माझं सगळं लक्ष तिथेच आहे.

परदेशीपुऱ्यातल्या मावशीकडे माजघरातला एलईडी बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत असे. दोनदा बल्ब बदलून झाला होता. "अरे, देवाजवळ समई तेवावी तसा तेवतो बघ," मावशी म्हणाली. मी टेस्टर काढला. सॉकेटकडे तोंड करून, अर्थचं मोठं भोक वर धरलं, तर उजवीकडे फेज हवा आणि डावीकडे न्यूट्रल. इथे टेस्टर डावीकडे पेटला. म्हणजे कधीतरी मेनच्या किटकॅट फ्यूजपाशी दोन तारांची अदलाबदल झाली होती आणि घरातलं प्रत्येक बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बटण बंद असलं तरी बल्ब फेजला जोडलेलाच असतो. होल्डरपासून बटणापर्यंत भिंतीलगत गेलेल्या लांब वायरीतून अगदी सूक्ष्म प्रवाह झिरपत राहतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार त्याने तापतही नसे, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही. एलईडीला मात्र तेवढा प्रवाह मंद उजळायला पुरतो. (बटणातच लाल इंडिकेटर असेल तर त्यामुळेही बल्ब असा मिणमिणतो, तो दोष निरुपद्रवी.) मिणमिणण्यापेक्षा मोठा धोका होल्डरमध्ये आहे. बटण बंद आहे या भरवशावर स्टुलावर चढून रिकाम्या होल्डरच्या पिनेला बोट लागलं, तर तिथे पूर्ण २३० व्होल्ट असतात. शिवाय एकच फ्यूज असेल आणि तो न्यूट्रलवर गेला असेल, तर फ्यूज उडूनही घरभर फेज जिवंत राहतो. मावशीकडे परवानाधारक वायरमन बोलावला, त्याने मेनपाशी तारा सरळ केल्या आणि तेवणारा बल्ब गप्प झाला.

घरमालकाने काय करावं आणि कुठे थांबावं, हे कायद्यानेही सांगितलं आहे. भारतीय वीज नियम, १९५६ मधल्या पंचेचाळिसाव्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि फिटिंग जशास तशी बदलायला मुभा ठेवली होती. २०१० च्या नियमावलीतही ती राहिली. भार किंवा स्वरूप बदलणारं काम परवानाधारकाचं. मला ही रेघ फार शहाणपणाची वाटते.

या रेघेच्या आत सगळ्यात समाधानाचं काम म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी न फेकता तिच्यात एलईडी नळी बसवणं. मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पडताच तो दिव्यांची लाइन चालू करतो, आणि ही गोष्ट लोक हमखास विसरतात. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखा, मग पट्टीच्या तारांवर लावा. स्टार्टर काढा, चोक सर्किटमधून बाहेर काढा. काही नळ्यांना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. नळीवर छापलेलं चित्र पाहूनच जोडा. शेवटी पट्टीवर मार्करने "चोक काढला, फक्त एलईडी" असं लिहा, म्हणजे पुढे कुणी साधी ट्यूब लावणार नाही. वायरीवर कापडाचं वेष्टण असेल आणि ते बोटात चुरत असेल, तर तिथेच थांबून वायरमनला बोलवा.

चाळीसची ट्यूब चोकसकट पन्नास वॉटच्या आसपास खाते, एलईडी वीस. रोज सहा तासांचे वर्षाला साधारण पासष्ट युनिट वाचतात. तरी मला बचतीपेक्षा उजेडाचा रंग महत्त्वाचा वाटतो. महाराणी रोडवर न सांगता मागितलं की ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा हातात पडतो. स्वयंपाकघरात तो चालेल. माजघरात ३००० चा मागा, घरातली माणसं चांगली दिसतात.

फिटिंगवर इतका विचार कशाला, असं कुणी म्हटलं की मी माणिकबागेकडे बोट दाखवतो. यशवंतराव होळकर दुसरे यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून १९३० च्या सुमारास हा महाल घडवून घेतला. त्याच्या ग्रंथालयासाठी मुथेसियसने अशा आरामखुर्च्या केल्या की वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले! म्हणजे छताच्या मध्यावरून नव्हे, पुस्तकाच्या पानावर उजेड. १९८० मध्ये हे सामान मोनॅकोत लिलावात गेलं आणि आज माणिकबागेत सरकारी करखात्याची कचेरी आहे. पण ती कल्पना कुणी लिलावात नेलेली नाही. मावशीच्या पाटापाशी, जिथे ती रोज पोथी वाचते, तिथे बाजूच्या भिंतीवर अँगल होल्डर बसवला तोही त्याच विचाराने.

परदेशीपुऱ्याच्या परिसराला दिव्यांचं वेड नवं नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँकी (चित्ररथ) निघतात, बल्बांच्या माळांनी मढलेल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण कामगारांनी झाँकी थांबू दिली नाही. ती रात्र मी रस्त्यावर उभं राहून पाहतो, आणि पाहतो ते मुख्यतः वायरिंग.

शेवटी, घरातून काढलेल्या जुन्या ट्यूबा आणि सीएफएल मात्र फोडू नका. आत पारा असतो. इंदुरात कचरागाडीला घातक घरगुती कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. नळी जुन्याच खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीवाल्याच्या हातात द्या. तांब्याचा चोक भंगारवाला वजनावर घेतो.