नळीतील खाचा

हैदराबादच्या कोठीतील रेसिडेन्सीवर १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी हल्ला चढविला. त्या काळची लष्करी बंदूक संग्रहासाठी घ्यावयाची, तर प्रथम नळीत डोकावून पाहावे. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या नळीत आतून तीन वळणदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर नेमकी जाते. उठावानंतर मात्र इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. बाहेरून रूप जवळजवळ तेच, नेम तेवढा गेला! मला तर ही बिनखाचेची नळीच अधिक बोलकी वाटते. गंज खरवडू नये. त्याबरोबर शिक्केही जातात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे ती दुरुस्तीनेही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला. पणजोबांची बंदूक केवळ जुनी म्हणून सुटत नाही.